सुमतीची चाल

मित्रांनो, माझ्यावर सध्या मोबाइलचे चार्जर, रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं आणि इस्त्री करून आणलेल्या कपड्यांचा ढीग असतो. ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या या खोलीत येणाराजाणारा मला टेबलच समजतो. कुणी कुणी तर खुशाल चहाचा कप ठेवून मोकळा होतो. मी टेबल नाही. मी पायपेटी आहे, जुनी आणि जरा तापट. खालच्या दोन फळ्या पायांनी आळीपाळीने दाबल्या की माझा भाता भरतो आणि मी गाते. पाय थांबले की मीही थांबते.

माझा जन्म ठाण्याचा. चांगल्या सागवानाची, नक्षीच्या पायांची होते मी. एका नाटक कंपनीने हौसेने मला घेतलं. पुढे कंपनी बुडाली आणि मी ठाण्यातल्याच खोपटच्या एका वखारीत फळकुटांच्या शेजारी धूळ खात पडले. तिथून मला परशुरामने उचललं. हा दिव्याचा आगरी, खाडीकाठच्या मिठागरात राबणारा, पण कान असा की विचारू नका. बैलगाडीतून मला घरी आणलं तेव्हा त्याची बायको कमळाबाई दारातच म्हणाली, "आता कालवणात काय पेटी घालू?" पण दुसऱ्याच दिवशी तिने मला ओल्या फडक्याने पुसून काढलं.

परशुरामची आई भागीरथी धवलारीण होती. म्हणजे लग्नात धवले गाणारी बाई. आगऱ्यांच्या लग्नात तिच्या तोंडून धवला निघाल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. भागीरथीची एक रीत होती. गाण्याआधी ती हात जोडून म्हणायची, "आयांनी दिली, आमी गायली." आपल्याआधी गाऊन गेलेल्या बायांची आठवण म्हणून. मधली एखादी ओळ तिने स्वतः रचलेली असली तरी हेच. माझं म्हणायचं नाही, असा त्या घराचा कडक कायदा. मला तो कधीच पटला नाही, पण मला विचारतो कोण?

परशुराम-कमळाबाईची थोरली लेक सुमती. बापाबरोबर मिठागरात राबायची, पाय मिठाच्या पाण्याने फुटलेले असायचे. तिचं लग्न ठरलं. दारात मांडव पडला, हळद कुटून झाली, आणि हळदीच्या आधीच काविळीने पोर गेली. ज्या मांडवात भागीरथी धवला गाणार होती, त्याच मांडवात ती तोंडाला पदर लावून बसली.

दिवस उरकल्यावर एका दुपारी परशुराम माझ्यासमोर बसला. मला वाटलं नेहमीसारखं भजन वाजवेल. पण त्याने कधी न ऐकलेली चाल धरली. "पाय धुवा गो नवरीचं, मिठाचं पानी लागलं." पोरीला न मिळालेला धवला तो स्वतः करत होता. शेवटी चाल षड्जावर, म्हणजे आपल्या घरी परत यायची, तिथे त्याचा पाय अडला. भाता रिकामा झाला आणि सूर मध्येच विझला. त्याने पुन्हा पुन्हा वाजवून पाहिलं, दर वेळी पाय तिथेच थांबला. म्हणून ती चाल आजवर तशीच तुटलेली आहे. कमळाबाई दाराला टेकून सगळं ऐकत होती. ही गोष्ट आम्हा तिघांनाच ठाऊक.

पुढे गावातल्या मास्तरांनी 'मिठागराची नवरी' नावाचं संगीत नाटक लिहिलं. चाली परशुरामच्या, पेटी माझी. शेवटच्या अंकात त्याने सुमतीची चाल घातली. काय ते दिवस होते, मित्रांनो. अंबरनाथपासून ठाण्यापर्यंत प्रयोग झाले. माझ्या गळ्यात हार पडले. ते गाणं सुरू झालं की बायका पदराने डोळे पुसायच्या. पण त्याआधी परशुराम पुढे येऊन हात जोडायचा आणि म्हणायचा, "आयांनी दिली, आमी गायली." मास्तरांनी जाहिरातीत संगीतकार म्हणून त्याचं नाव घालायचं ठरवलं, तर म्हणाला, "नको मास्तर, गावाची चाल लिवा." मला असा संताप आला की त्या रात्रीच्या प्रयोगात माझी एक पट्टी दाबली ती वर आलीच नाही.

नाटक बंद पडलं. मास्तर गेले. मिठागरंही गेली. परशुरामच्या जमिनीवर इमारती उठल्या आणि आम्ही त्यातल्याच एकीच्या पहिल्या मजल्यावर आलो. हळूहळू मी टेबल झाले. सुमतीचं नावही घरात कुणी काढेना. कमळाबाईला ते सोसत नसे.

मग चार वर्षांमागे बातमी आली की 'मिठागराची नवरी'चा सिनेमा होतोय. घरात सगळ्यांत जास्त नाचली ती मनाली, परशुरामची नात, मुलाची मुलगी. डोंबिवलीच्या कॉलेजात जाणारी, हुशार, बडबडी, आणि आज्यावर जीव टाकणारी. तिने मोबाइलवर सिनेमाच्या चाहत्यांचा गट काढला. नाव ठेवलं 'वऱ्हाडी'. नवरीच्या सिनेमाला वऱ्हाड नको का, म्हणे. बघता बघता आंबिवलीपासून ठाण्यापर्यंतची पोरं त्यात आली. पोस्टर कधी येणार, टीझर कधी येणार, नवरी कोण होणार. जिला नवरी केली ती आगरी नाही म्हणून तर वऱ्हाडात असं भांडण जुंपलं की अर्ध्यांनी अर्ध्यांचं तोंड पाहायचं सोडलं. टीझर आला त्या दिवशी मनालीने तो माझ्यावर मोबाइल उभा करून इतक्या वेळा पाहिला की कमळाबाई म्हणाली, "बाय, त्या नवरीला जरा बसूदे."

वाट परशुरामही पाहत होता, पण गुपचूप. एकदा घरात कुणी नसताना तो कमळाबाईला म्हणाला, "या येली कुनी इचारला तर सांगीन. चाल माजी हाय, पोरीसाठी केली. पर्द्यावर पोरीचा नाव येऊदे."  कमळाबाईने होकाराची मान हलवली. म्हातारा आईची रीत मोडायला तयार झाला होता, मित्रांनो. फक्त कुणी तरी विचारायला हवं होतं.

सिनेमाची संगीतकार क्षिप्रा एकदा घरी आली. तरुण, नम्र, वाकून पाया पडली. माझ्यावरचे कपडे उतरवले गेले, परशुराम बसला आणि त्याने ती चाल वाजवली. क्षिप्राच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने सगळं मोबाइलमध्ये भरून घेतलं. पण चाल कुणाची, हे तिने विचारलं नाही. म्हातारा वाजवतोय म्हणजे जुनंच असणार, असं आपल्याकडे धरूनच चालतात. ती गेल्यावरही परशुराम माझ्या पट्ट्यांवर हात ठेवून बसला होता.

सिनेमा लागला. वऱ्हाडी मंडळी पिवळे कपडे घालून कल्याणला पहिल्या खेळाला गेली. मनाली आजा-आजीला घेऊन गेली होती. घरी आल्यावर तीच सांगत होती, "आजा ना, शेवटची सगळी नावं संपेपर्यंत उठलाच नाही. झाडूवाला आला तरी बसलेला." पडद्यावर आलं होतं, 'पारंपरिक आगरी गीतावर आधारित'.

गाणं मात्र तुफान चाललं. दिव्यात एक हळद त्याच्याशिवाय होईना. मोठमोठ्या समीक्षकांनी लिहिलं की गाणं शेवटी षड्जावर येत नाही, अधांतरी सोडलंय, ही क्षिप्राची आधुनिक प्रतिभा. मनालीने हे मोठ्याने वाचलं तेव्हा माझा भाता रिकामा होता ते बरं झालं. नाहीतर मी भोकाड पसरलं असतं.

मग आला पुरस्कारांचा मोसम. एका मोठ्या सोहळ्यात क्षिप्राला संगीताचं नामांकन मिळालं आणि समोर होता दुसऱ्या एका सिनेमाचा संगीतकार. दोन्हीकडच्या चाहत्यांची रोज जुंपायची. त्यात समोरच्या पार्टीने आमच्या नाटकाचं जुनं ध्वनिमुद्रण शोधून काढलं आणि बोंब ठोकली, की पेटीवर परशुराम आहे, म्हणजे चाल त्याचीच, क्षिप्राने उचलली. सोहळ्याचा नियम असा होता की लोकगीतावर बांधलेलं संगीत चालेल, पण दुसऱ्या संगीतकाराची चाल असेल तर नाव बाद. म्हणजे आता सगळं एकाच प्रश्नावर आलं. ती चाल गावाची की परशुरामची?

आणि याचं उत्तर मनालीला आपल्याला ठाऊक आहे असं वाटत होतं. लहानपणापासून तिने आज्याच्या तोंडून एकच ऐकलं होतं. "आयांनी दिली, आमी गायली." तिने ते खरंच धरलं. पोरीची तरी काय चूक? रीत कुठली आणि खरं कुठलं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

ती मोबाइल घेऊन समोर बसली. "आज्या, ते लोक काहीपण बोलतायत रे. तू नेहमी बोलतोस ना, तसंच बोल. चाल गावाची आहे, माझी नाय. बस. क्षिप्राताईचं नामांकन वाचेल."

परशुरामने तिच्याकडे पाहिलं. मग कमळाबाईकडे.

"अवो, सांगा ना तिला," कमळाबाई हळूच म्हणाली.

"काय सांगायचंय, आजी?" मनालीने विचारलं.

कमळाबाईने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात खाली टँकरचा हॉर्न वाजला. दोन दिवस नळाला टिपूस नव्हता. सगळ्या इमारतीतून हंडे-कळश्या घेऊन बायका धावल्या. कमळाबाईही हंडा उचलून गेली. जाणं भागच होतं, टँकर कुणासाठी थांबत नाही.

परशुराम नातीच्या तोंडाकडे बघत राहिला. केवढी आस होती त्या तोंडावर. चार वर्षं पोरगी या सिनेमापायी नाचत होती. त्याने हात जोडले, मोबाइलकडे पाहिलं आणि म्हणाला, "चाल माजी नाय. गावाची हाय. आयांनी दिली, आमी गायली."

कमळाबाई भरला हंडा घेऊन वर आली तेव्हा तो व्हिडिओ गावभर झाला होता. तिने हंडा ठेवला आणि गॅस पेटवला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय बोलणार? मी समोर उभी राहून सगळं ऐकलं, आणि माझ्याच्याने काही झालं नाही.

क्षिप्राला पुरस्कार मिळाला. मनालीने पेढे आणले, टीव्हीचा आवाज वाढवला. मंचावर क्षिप्रा गहिवरून म्हणाली, "हा पुरस्कार दिव्याच्या त्या अनाम आयांचा आहे."

मनालीने टाळ्या वाजवल्या. कमळाबाईने हातातला पेढा ताटात परत ठेवला.

"अनाम कशी?" ती म्हणाली. "सुमती नाव व्हता तिचा."

मग तिने सगळं सांगितलं. मांडव, हळद, कावीळ, ती दुपार. टीव्ही चालूच होता. परशुराम भिंतीकडे तोंड करून बसला होता. मनालीचं तोंड पांढरं पडलं. ती आज्याच्या पायाशी जाऊन बसली आणि एवढंच म्हणाली, "मला का नाय सांगितलंस रे?"

"तू इचारलाच नाय, बाय," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मनाली गप्प बसणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने मला स्वच्छ पुसलं, आज्याला माझ्यासमोर बसवलं आणि मोबाइल धरला. या वेळी तिने उत्तर तोंडात घातलं नाही. "आज्या, ही चाल कुणाची?"

ऐंशी वर्षांच्या त्या माणसाने जन्मात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला. "माजी," तो म्हणाला. "माजी हाय. माज्या सुमतीसाठी केली."  मग त्याने चाल वाजवली, तुटते तिथपर्यंत. इतकी बरी मी कित्येक वर्षांत वाजले नव्हते.

पण वरातीमागून घोडं आणून काय उपयोग? संध्याकाळपर्यंत लोकांनी दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावले. एकीकडे परशुराम म्हणतोय 'माजी नाय', दुसरीकडे म्हणतोय 'माजी हाय'. खाली हसणाऱ्या तोंडांची चित्रं, आणि शेरे. पुरस्कार मिळाल्यावर म्हाताऱ्याला चाल आठवली. मेलेल्या मुलीच्या नावावर नाटक करतो. समोरच्या पार्टीला विकला गेला. आणि हे लिहिणारे कोण? वऱ्हाडीच. मनालीने जमवलेलं वऱ्हाड. त्यांनी तिलाच गटातून काढून टाकलं. ती प्रत्येकाला उत्तर देत होती, समजावत होती, हातापाया पडत होती. प्रत्येक जण उलटून तिनेच काढलेला तो पहिला व्हिडिओ तिला पाठवायचा. क्षिप्राचा फोन आलाच नाही. तिच्या ऑफिसातल्या एका माणसाचा आला. तो सभ्यपणे म्हणाला की आजोबांचं म्हणणं आमच्याकडे आहे, त्यांच्याच तोंडचं आहे.

मनाली आता मोबाइल उलटा घालून ठेवते. घरात फार बोलत नाही. खाली कुणाच्या हळदीत ते गाणं लागलं की कमळाबाई खिडक्या लावून घेते, पण ऐकू येतंच.

परवा दुपारी परशुराम माझ्यासमोर येऊन बसला. मला वाटलं, वाजवेल. त्याने फळ्यांवर पाय ठेवले आणि तसेच राहू दिले. मग कमळाबाईला म्हणाला, "अगो, गावाचीच आसंल ती चाल. एवरी लोका सांगतान तं."

"नाय हो," कमळाबाई म्हणाली.

"आसंल," तो म्हणाला, आणि उठून गेला.

मित्रांनो, लोकांनी त्याची चाल नेली तेव्हा मी सोसलं. पण आता त्याची त्यालाच ती आपली वाटेनाशी झाली आहे, हे मला सोसत नाही. तुमच्या घरातही असं एखादं माणूस असेल. काही विचारलं की 'माझं कसलं, सगळ्यांचंच आहे' म्हणून हात जोडणारं. त्याच्या नम्रपणावर तेवढा विश्वास ठेवू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, आणि विचारताना उत्तर आपल्या पदरचं घालू नका. एकदा नाही म्हणालं तर पुन्हा विचारा. ते जिवंत आहे, त्याला अजून आठवतंय, आणि खोटं पडण्याची भीती अजून त्याला शिवलेली नाही, तोवर विचारा.