लक्षात ठेवतो की लक्ष ठेवतो?

मावशींच्या घरी शिकवणीला येणारी मुलं त्यांच्याच कम्प्युटरवर शुद्धलेखन करत. तो जुना झाला म्हणून भाच्याने हुशार मदतनीस असलेला नवा आणून दिला.

"मावशी, पडद्यावर येईल ते सगळं हा लक्षात ठेवतो. तू फक्त विचारायचं."

मावशींनी चाचपडत टाइप केलं, "चिमणी सहलीला का येत नाही?" चिमणी ही त्यांची सगळ्यांत बडबडी विद्यार्थिनी.

उत्तर चुटकीसरशी आलं : ती अजून झोपेत अंथरूण ओलं करते, म्हणून लाजते.

मावशींना आत्ता आठवलं. चिमणीच्या आईने विश्वासाने पाठवलेला निरोप त्यांनी सकाळी इथेच वाचला होता. उद्या याच खुर्चीत बसून कुठलंही पोर हाच प्रश्न विचारेल.

"अरे, हा लक्षात ठेवत नाही, लक्ष ठेवतो! सप्तमीचा प्रत्यय विसरलास?"

"व्याकरण नको गं! बाहेर काही जात नाही, कंपनीच सांगते."

"तू पाहिलंस?"

भाच्याने डोकं खाजवलं. "नाही."

"मग बंद कर, आणि साठवलेलं पूस."

"पण तुलाच हल्ली काही आठवत नाही ना?"

"माझ्या विसरण्याने पोरीचं हसं होत नाही."

त्याने सगळं पुसलं. मावशींनी पुन्हा विचारलं. "मला माहिती नाही," पडद्यावर उमटलं.

मुलं असं म्हणाली की मावशींना त्यांच्या चेहऱ्यावरून खरं-खोटं कळायचं. इथे चेहराच नव्हता. मग त्यांनी चिमणीच्या आईला फोन केला, "यापुढे काही सांगायचं असलं, तर घरीच येत जा."