तळहाताला कळलेलं लोणी

धाकट्या सुनेला ऐकू येत नव्हतं. सातव्या वर्षी तापाने कान गेले ते गेलेच. बोलायची मात्र स्पष्ट, आणि ओठ असे वाचायची की तिच्यासमोर कुजबुजायलाही लोक बिचकत. सासूबाईंनी तिला साय काढू दिली, भांडी घासू दिली. पण साय घुसळायच्या लोण्याच्या पिंपाचा दांडा काही हातात दिला नाही.

लोणी आलं की नाही, हे त्या घरात आवाजावरून ठरे. दांडा फिरवायला लागलं की आधी छपछप, साय घट्ट झाली की पिंप मुकं, आणि मग एकदम ताक सुटल्याचा खळखळाट. थांबायचं ते तिथेच. चार फेरे जास्त झाले तर लोण्याच्या दाण्यांचा गोळा होतो, ताक आत अडकतं आणि लोणी दोन दिवसांत आंबतं. तीस वर्षांत सासूबाईंच्या लोण्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

मग भिंतीला भिंत लावून पिठाची गिरणी आली. ती सकाळी सहाला सुरू होई, आणि धारा काढून, साय निववून होईस्तोवर इकडेही सहा वाजतच. सासूबाई पिंपाला कान लावून दांडा फिरवत, पण गिरणीपुढे काय ऐकू येणार? लागोपाठ तीन दिवस लोणी बिघडलं. बेकरीवाल्याने, म्हणजे सर्वांत जुन्या गिऱ्हाइकाने, ते परत पाठवलं आणि उद्या स्वतः येऊन बघतो, असं कळवलं.

तो आला, स्टुलावर बसला. सासूबाईंनी घाईने दोनदा झाकण उघडलं. दोन्ही वेळा आत नुसती फेसाळ साय. तिसऱ्यांदा त्यांचा हातच चालेना.

"सरका जरा, आई," धाकटी म्हणाली.

पिंप ज्यावर बसवलं होतं ती लाकडी घोडी डुगडुगायची म्हणून दोन वर्षं ती रोज दोन्ही हातांनी दाबून धरत आली होती. आत काय चाललंय ते तेव्हापासून तिच्या तळव्यांना ठाऊक होतं. विचारलं मात्र कुणीच नव्हतं. तिने दांडा धरला. सासूबाई नाही म्हणणार होत्या, पण बेकरीवाल्यासमोर बाजूला सरकल्या.

दांडा जड झाला, आणखी जड झाला. मग आत काहीतरी सुटलं आणि पिंपाच्या पोटातून तिच्या मनगटाला धक्का बसला. ती जागच्या जागी थांबली.

झाकण उघडलं. गव्हाएवढे पिवळे दाणे पातळ ताकावर तरंगत होते. ताक ओतून तिने लोणी गार पाण्यात तीनदा धुतलं. बेकरीवाल्याने बोटावर घेऊन चाखलं, डोळे मिटले, आणि आठवड्याला दुप्पट लोणी लागेल म्हणाला.

तो गेल्यावर सासूबाईंनी ते दाणे बोटांनी दाबून बघितले. मग सुनेला नीट दिसावं म्हणून तोंड वर करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "गिरणीची थरथरही हाताला लागते, मग त्यातून पिंपाची तुला वेगळी कशी कळते?"

"गिरणीची सारखीच राहते, आई. पिंपाची बदलते."

दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी बघायला आले तर काय, सासूबाई दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून दांडा फिरवताहेत, आणि धाकटी त्यांच्या हातांवर आपले हात ठेवून, त्यांना ओठ दिसतील असं सांगतेय, "अजून नाही. अजून नाही. आता!"