जागृत नळ

बाथरूमच्या दारातून निघालेली रांग हॉल ओलांडून, चपलांच्या ढिगाला वळसा घालून, जिना उतरून पार रस्त्यावर गेली होती. सगळे अनवाणी आणि सगळ्यांचे पाय ओले, कारण ओले पाय ही अटच होती. आत गिझरखाली भिंतीत एक पितळी नळ होता. त्याला हात लावायचा, अंगातून सरसरून मुंग्या गेल्या की "आई गं" म्हणायचं आणि डोळे पुसत बाहेर यायचं. नळ जागृत झाला होता म्हणे.

घर माझ्या दादाचं. मी मागच्या खोलीत राहते, त्यामुळे हा नळ मी त्याच्या लहानपणापासून ओळखते. कित्येक वर्षं तो ठिबकत होता, तेव्हा त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग एका सकाळी अंघोळ करताना वहिनीच्या हाताला झिणझिण्या आल्या. तिने ते शेजारणीला सांगितलं, शेजारणीने तिच्या महाराजांना सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी महाराज आमच्या बाथरूममध्ये दाखल झाले, बरोबर स्वतःचं बुटकं लाकडी बाकडं घेऊन. लोक त्यांना स्पर्शमहाराज म्हणत.

"ही माता आहे, लेकरांनो," ते बाकड्यावर उभे राहून सांगत. "ती वीज होऊन वाहते. पापी शरीराला ती चावते आणि पुण्यवान शरीराला कुरवाळते." असं म्हणत ते स्वतः नळ घट्ट धरत आणि हसत राहत. त्यांना काहीच होत नसे. मग खाली ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाला ते नळ धरायला लावत. तो दचकला की त्याच्या डोक्यावरून हात फिरवून, काहीतरी पुटपुटून त्याला आपल्या बाकड्यावर घेत आणि पुन्हा नळ धरायला सांगत. आता मुंग्या नाहीत. पाप फिटलं. माणूस रडतच बाहेर पडे.

महाराजांचे नियम मोजकेच, पण कडक होते. मातेला ऊब लागते, म्हणून दर्शन चालू असेपर्यंत गिझर बंद करायचा नाही. मातेला लोखंडाचा तिटकारा, म्हणून घरात पक्कड, पाना, स्क्रू ड्रायव्हर काही आणायचं नाही.

आता माझं ऐका. मी देव मानते. गाऊन देव सांगणाऱ्यांच्या पायाशी मी उभी हयात बसले आहे. टाळ्या वाजवून माझे तळवे लाल झालेत, ऐकता ऐकता पदर भिजलाय. पण इतक्या वर्षांत असा देव कुणी मला सांगितला नाही, जो बाकड्यावर चढलं की पाप माफ करतो आणि खाली उतरलं की शॉक देतो. मी हे दादाला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं? तू आपली भजनं म्हण." मी म्हटलं, भजनं म्हणते म्हणूनच कळतंय.

तरी घरात माझं कोण ऐकणार? खरी झुंजली ती आमची सून. बालवाडीत शिकवते, दिवसभर चिमुरड्यांच्या 'का' आणि 'कसं'ला उत्तरं देते. तेव्हा ती बाळंतपणाच्या रजेवर होती, मांडीवर तान्ही पोर. वहिनीने आणि महाराजांनी मिळून ठरवलं होतं की येत्या रविवारी सगळ्यांसमोर पोरीला त्या नळाच्या धारेखाली धरायचं. वहिनीच्या मनात वाईट काही नव्हतं. पोर रात्रंदिवस किरकिरायची, आणि नातीला शांत झोप लागावी एवढंच त्या माउलीला हवं होतं.

शुक्रवारी रांगेतली एक बाई नळ धरताच ताठ झाली आणि धाडकन खाली पडली. महाराज म्हणाले, समाधी लागली. बाईचा श्वास चालू होता, ती शुद्धीवर आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुनेने मात्र तिच्या तळहातावरचा पांढरा डाग पाहिला. स्वयंपाकघरात येऊन ती मला म्हणाली, "आत्याबाई, समाधीने कातडी भाजत नाही."

मग तिने बोलायचं थांबवून नुसतं बघायला सुरुवात केली. शनिवारी पोरीला खांद्यावर टाकून ती बाथरूमच्या दारात उभी राहिली. महाराज घरात येत ते जाड तळव्यांच्या चपला घालून. दारातून थेट बाकड्यावर पाय टाकत आणि मगच चपला काढत. ओल्या फरशीवर उभं राहून त्यांनी एकदाही नळाला बोट लावलं नाही. बाकड्याच्या चारी पायांना खाली रबराची बुचं होती.

त्याच दुपारी तिने इलेक्ट्रिशियनला फोन लावला. दोघं बाद झाले, तिसऱ्याला हो म्हटलं. पहिला म्हणाला, ताई, पाच मिनिटांचं काम, कशाला तपासायचं. तिने परवान्याचं नाव काढताच दुसऱ्याने फोन ठेवला. तिसरा बडबड्या निघाला. परवाना तर दाखवीनच, वर मीटर लावून प्रत्येक बोर्ड तुमच्या डोळ्यांसमोर तपासीन, आणि मी येईपर्यंत गिझरचा प्लग काढल्याशिवाय कुणी अंघोळ करू नका, असं त्याने तिलाच बजावलं. तिने ते तसंच्या तसं दादाला सांगितलं. दादा खवळला. रविवार होऊ दे, मग काय ते बघू, म्हणाला.

रविवारी घर माणसांनी फुलून गेलं. महाराज बाकड्यावर चढले, नळाची धार सोडली आणि दोन्ही हात पुढे केले. "आण लेकराला."

सून दारात उभी होती, पोरीला छातीशी धरून. ती जागची हलली नाही.

"आधी तुम्ही खाली या, महाराज," ती म्हणाली. "पाय ओले करा आणि नळ धरा. तुम्हाला मातेने कुरवाळलं की मी पोर देते."

महाराज हसले. मातेच्या अंगणात सेवकाने पाय ठेवू नये, आसन सोडू नये, आईच्या मनातली शंका बाळाला बाधते, असं बरंच काही म्हणाले. दादा तिच्यावर डाफरला. वहिनी हात जोडून, "अगं, दे ना गं," म्हणत राहिली. सुनेने नकारार्थी मान हलवली.

"सासूबाई, मी पोर तुम्हाला देईन, डॉक्टरांना देईन. पण जो माणूस बाकड्यावरून उतरायला घाबरतो त्याला देणार नाही."

रांगेत कुजबुज सुरू झाली. एकजण म्हणाला, खरंच, उतरा की महाराज. मागून दुसऱ्याने री ओढली. बघता बघता सगळं घर "उतरा, उतरा" म्हणू लागलं. महाराजांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पुढे केलेले हात हळूच मागे घेतले, फरशीवरच्या पाण्याकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाले,

"आधी तो गिझर बंद करा."

पहिली बोलली ती वहिनी. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

"गिझर? अहो, मातेला ऊब हवी होती ना?"

सुनेने दादाला न जुमानता बोलावून ठेवलेला इलेक्ट्रिशियन रबरी बूट घालून रांग बाजूला सारत पुढे आला. बूट काढा, कुणीतरी सवयीने म्हणालं. "बूट काढले तर मीपण जागृत होईन," तो म्हणाला. त्याने टेस्टर नळाला टेकवला. टेस्टरमधला दिवा पेटला. त्याने गिझरचं बटण बंद केलं, दिवा विझला. पुन्हा चालू केलं, पुन्हा पेटला. मग घरचा मेन स्विच पाडून त्याने गिझर उघडला आणि सगळ्यांना दाखवला.

गिझरच्या आत पाणी तापवणाऱ्या कॉईलचं आवरण फुटलं होतं. वीज पाण्यात आणि पत्र्यात उतरत होती, तिथून लोखंडी पाइपातून नळात. ओल्या फरशीवरच्या माणसाने नळ धरला की ती त्याच्यातून जमिनीत जाई. कोरड्या बाकड्यावरच्या माणसातून तिला वाटच मिळत नसे. पाप-पुण्याचा हिशेब तो एवढाच.

"आणि ही वीज परस्पर जमिनीत न्यायला गिझरच्या प्लगला एक जाड पिन असते," तो म्हणाला. "ती कुठंय?"

दादाने खाली पाहिलं. बोर्डाला दोनच भोकं होती, म्हणून ती त्यानेच पकडीने मोडली होती. वीज गळली की आपोआप पडणारा स्विचही घरात होता. तो सारखा पडतो म्हणून मागे एका स्वस्तातल्या माणसाकडून दादाने त्याला वगळून वायर जोडून घेतली होती.

"तो उगाच पडत नव्हता, काका. ओरडून सांगत होता," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "तुम्ही त्याचं तोंड बांधलंत."

या सगळ्या गडबडीत महाराज निघून गेले. बाकडं तेवढं राहिलं. मी आता त्याच्यावर कुंड्या ठेवते.

नवा गिझर आला, जाड पिनेसकट आणि तिसरं भोक असलेल्या बोर्डासकट. स्विच पुन्हा जागेवर बसला. सून अधूनमधून त्यावरचं चाचणीचं बटण दाबते, टक्कन स्विच पडतो, आणि मगच ती तो वर करते. पहिल्यांदा त्या नळाच्या कोमट पाण्याने नातीला अंघोळ घातली ती वहिनीनेच. पोर किरकिरली नाही असं मी सांगणार नाही. भरपूर किरकिरली. पण धडधाकट पोरीसारखी, तोंड लाल करून. मी दारात बसून देवाचं गाणं म्हणत होते आणि वहिनी मला म्हणाली, "वन्सं, जरा मोठ्याने म्हणा."

देव मानणाऱ्यांना माझं मुद्दाम सांगणं आहे, कारण मी तुमच्यातलीच आहे. ज्याने आपल्याला डोकं दिलं, त्याच्यासमोर ते नुसतं टेकवून भागत नाही, वापरावंही लागतं. नळाला, फ्रिजला, इस्त्रीला हात लावून मुंग्या आल्या तर हात जोडू नका. हात काढा, मेन बंद करा आणि परवाना असलेल्या माणसाला बोलवा. आणि जो कुणी तुम्हाला ओल्या फरशीवर उभं करून स्वतः बाकड्यावर चढेल, त्याला सगळ्यांदेखत एवढंच म्हणा: खाली उतर.