डावा कान

काजूएवढं आणि काजूसारखंच वाकलेलं... करड्या रंगाचं, कडेला एक निळा ठिपका, त्यातून निघालेली केसाएवढी बारीक नळी आणि नळीच्या टोकाला रबराची इवलीशी टोपी. टोपीच्या कडेला कानातल्या मळाचा पिवळसर कण अजून चिकटलेला होता, आणि सुमित्रा ओट्याशी उभी राहून त्या कणाकडेच बघत राहिली. माणूस जाऊन सात महिने झाले, त्याचे कपडे ईशानने तीन काळ्या पिशव्यांत भरून देऊन टाकले, चष्मे दिले, बूट दिले, आणि त्याच्या कानातला मळ काल संध्याकाळच्या टपालातून एस्टोनियाहून घरी आला.

निळा म्हणजे डावा, लाल म्हणजे उजवा. हे प्रल्हादनेच तिला शिकवलं होतं, ऐकण्याचं मशीन नवीन आणलं तेव्हा.

पाकिटात मारेटची चिठ्ठी होती. सारेमा बेटावर जिच्या शेतघरात ते दोघं गेल्या जूनमध्ये पाच दिवस राहिले ती मारेट. ‘प्रिय सुमित्रा, कोठाराच्या खोलीतल्या जुन्या फळ्या या हिवाळ्यात बदलल्या. दोन फळ्यांच्या फटीत हे सापडलं. तुमच्या मिस्टरांनी मला शोधायला सांगितलं होतं, तेव्हा मिळालं नाही याचं वाईट वाटतं. त्यांना म्हणावं, फळ्यांनी जपून ठेवलं.’

त्यांना म्हणावं.

तो गेल्याचं मारेटला माहीत नव्हतं. कोण कळवणार होतं... आणि सुमित्राला वाटलं, जगात निदान एक घर असं होतं, जिथे प्रल्हाद आज सकाळपर्यंत जिवंत होता.

पण मशीन हरवलं होतं हे सुमित्रालाही माहीत नव्हतं. तिकडून परतल्यावर जुलैमध्ये त्याच्या एकाच कानात मशीन दिसायचं. तिने विचारलं तेव्हा “सर्व्हिसिंगला दिलंय” म्हणाला होता, आणि मग एक दिवस छोटं खोकं आलं, ते त्याने तिच्यासमोर उघडलं नाही. म्हणजे लपवलं. हरवलं म्हटलं असतं तर ती बोलली असती — हो, बोलली असती, त्याने हरवलेल्या छत्र्यांवरून बोलायची तशीच. एवढ्याशा गोष्टीसाठी लपवलं त्याने... आणि मग दुसरा विचार आला, तो मात्र हळूहळू आला, थंड पाण्यात पाय घातल्यावर गारवा वर चढत जातो तसा. कधी हरवलं? पाच दिवसांतल्या नेमक्या कुठल्या दिवशी, किती वाजता?

ती खुर्चीवर बसली. गॅसवरचा चहा उतू गेला तेव्हा उठली, पुसला, पुन्हा बसली.

रिटायर झाल्यावर प्रल्हादला जिथे कुणी जात नाही अशा ठिकाणी जायचं होतं. सव्वीस वर्षं कंपन्यांचे सर्व्हर सांभाळलेला माणूस रोज संध्याकाळी लॅपटॉपवर पवनचक्क्या बघत बसायचा. मारेटची वेबसाइट त्यानेच शोधली होती. दगडी कुंपणं, गवताने शाकारलेली छपरं, धान्याच्या कोठारात केलेल्या दोन खोल्या, घरचा काळा पाव. बस भरून पाहुणे आले की मारेट पट्ट्यापट्ट्यांचा लोकरी घागरा घालून अंगणात उभी राहायची, बस गेली की जीन्स घालून कोंबड्यांना दाणे टाकायची. मुख्य घर म्हणजे म्युझियम होतं. दोरीच्या अलीकडून बघायचं — टेबलावर पाच ताटल्या, पाच चमचे, खुंटीवर लहान मुलाचा कोट. एकोणीसशे एकोणपन्नासच्या मार्चमध्ये मारेटच्या आजोळच्या माणसांना सैनिकांनी याच टेबलावरून उठवून सैबेरियाला नेलं. प्रल्हादने विचारलं होतं, यातलं खरं त्यांचं काय काय आहे? आणि मारेट म्हणाली होती, “एक चमचा. बाकीचं मी बाजारातून जमवलं. पण असंच होतं.”

आणि मग तिने कुंपणापलीकडचं घर दाखवलं. तिथल्या शेजाऱ्याला आदल्या दिवशीच कळलं होतं की उद्या गाडी येणार. त्याच्याकडे निरोप दिला होता कुणीतरी. यांना सांग, जंगलात जाऊ दे. त्याने सांगितलं नाही. त्याला स्वतःची लहान मुलं होती. तो माणूस पुढे चाळीस वर्षं त्याच घरात राहिला आणि परत आलेल्या माणसांना रोज सकाळी गुड मॉर्निंग म्हणत राहिला.

“आणि त्यांना कळलं होतं?” सुमित्राने विचारलं होतं.

“सगळ्यांना कळलं होतं,” मारेट म्हणाली. “त्यानेच कधी सांगितलं नाही.”

ती गुरुवारची दुपार होती. त्याच दिवशी संध्याकाळी सुमित्राने प्रल्हादला सांगितलं.

वीस वर्षं सांगितलं नव्हतं. दोन हजार चारचा मे महिना. प्रल्हादची नोकरी नुकतीच गेली होती, दुसरी मिळाली होती पण व्हिसाचे कागद अडकलेले, देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत येता येईल की नाही हे वकीलही सांगत नव्हता. ईशान पाच वर्षांचा. दुपारी फोन वाजला. नागपूरहून पुरुषोत्तम, प्रल्हादचा धाकटा भाऊ. “वहिनी, आईचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणतात तीन-चार दिवस. दादाला आजच्या आज निघायला सांगा.” तिने हो म्हटलं. आणि संध्याकाळी प्रल्हाद आला, बूट काढत म्हणाला, “नागपूरहून काही?” आणि ती म्हणाली, “आईंना बरं आहे. भाऊजी म्हणाले, घाई नको.”

एवढंच वाक्य. कणीक मळता मळता म्हटलेलं.

चौथ्या दिवशी सासूबाई गेल्या. प्रल्हादने भावाला फोनवर विचारलं, तू मला सांगितलं का नाहीस? तिकडून पुरुषोत्तम काय म्हणाला ते तिला ऐकू येत नव्हतं, पण प्रल्हाद फोन बाजूला धरून तिच्याकडे वळला. “हा म्हणतो, वहिनीला सांगितलं होतं.” आणि ती म्हणाली — दुसऱ्यांदा म्हणाली — “घाई नको, असं म्हणाले होते.” प्रल्हाद थोडा वेळ फोन कानाशी धरून उभा राहिला, मग ठेवला. पुरुषोत्तमचं शेवटचं वाक्य प्रल्हादनेच नंतर सांगितलं होतं, तिरस्काराने. “म्हणाला, वहिनी म्हणतात तर तसंच असेल.” त्यानंतर वीस वर्षांत भावाशी एक शब्द नाही. घरात त्याचं नाव नाही.

गुरुवारी धूर-सौना होता. बेटावरचा जुना प्रकार, धुराडं नसलेली काळी लाकडी खोली, दिवसभर तापवायची, धूर जाऊ द्यायचा आणि मग आत वाफ घेत बसायचं. ती दोघं कोठाराच्या पायऱ्यांवर वाट बघत बसली होती. तिथे जूनमध्ये संध्याकाळ होतच नाही, उजेड नुसता तिरका होतो. प्रल्हादच्या खांद्यावर टॉवेल होता. सुमित्रा समोरच्या दगडी कुंपणाकडे बघत बोलली, त्याच्याकडे बघून बोलणं जमलंच नसतं. सगळं सांगितलं. फोन, कणीक, दोन्ही खोटं. हळू आवाजात... हो, हळूच. कुणी ओरडून सांगतं का असलं. शेवटी म्हणाली, “काहीतरी बोला.”

तेव्हा तो तिच्याकडे वळला आणि म्हणाला, “सौना सहा वाजता ना?”

तिला वाटलं, यापेक्षा त्याने मारलं असतं तर बरं.

त्यानंतर पाच महिने तो नेहमीसारखा वागला. लॉन कापलं, टोमॅटो लावले, तिला लायब्ररीत सोडलं-आणलं. नेहमीसारखा वागतोय हीच शिक्षा, असं तिला वाटत राहिलं. नोव्हेंबरमध्ये गराज साफ करता करता तो खाली बसला आणि उठला नाही. आणि गेल्यावरही तो तसाच घरात राहिला — सगळं ऐकून घेतलेला, काहीही न बोलणारा. भांडी घासताना पाठीमागे. जिन्याच्या वळणावर. ती त्याच्याशी भांडायची, मनातल्या मनात, कधी तोंडाने. त्याने एकदा तरी बोलायचं होतं, शिव्या द्यायच्या होत्या, एवढं ऐकूनही माणूस असा कसा...

आणि आता हे काजूएवढं करडं यंत्र म्हणत होतं, की कदाचित त्याने ऐकलंच नाही.

साडेनऊ झाले होते. तिकडे साडेपाच. तिने चिठ्ठीवरचा नंबर लावला.

मारेटला आधी प्रल्हाद गेल्याचं सांगावं लागलं. तिकडून आधी फक्त कोंबड्यांचा आवाज आला. “मला माहीत नव्हतं,” मारेट म्हणाली. “मी लिहिलं, त्यांना सांगा...”

“असू दे. मारेट, एक विचारायचंय. मशीन कधी हरवलं?”

“सौनाच्या दिवशी. मी सगळ्यांना चार वाजताच सांगितलं होतं, घड्याळ, चष्मा, कानातलं, सगळं खोलीत ठेवून या, आत खराब होतं. ते लगेच खोलीत गेले. फार ऐकणारे होते.”

“मग पायऱ्यांवर येऊन बसले तेव्हा त्यांच्या कानात काही नव्हतं?”

“ते मी कसं सांगू? मी चुलीपाशी होते.” मारेटला आठवलं. “रात्री माझ्याकडे आले. म्हणाले, डावं सापडत नाही, बायकोला सांगू नका. म्हणाले, मी ऐकत नाही ही तिची जुनी तक्रार आहे, आता तिला पुरावाच मिळेल.” ती हसली, मग हसणं तिचं तिलाच नकोसं झालं असावं. “सॉरी.”

“दोन्ही काढली असतील ना? एकच काढून दुसरं कोण ठेवेल?”

“हो, तसंच असेल,” मारेट म्हणाली. समजूत घालणारी माणसं म्हणतात तसं.

पण ठेवायचा. प्रल्हाद ठेवायचा. आंघोळीला जाताना डावं काढून उजवं विसरायचा, मग बाथरूममधून ओरडायचा, अगं, हे धर, भिजलं. कितीदा झालं होतं. आणि पायऱ्यांवर ती त्याच्या कुठल्या बाजूला होती? तिने डोळे मिटले. कुंपण समोर. सौनाचा धूर... धूर उजवीकडून येत होता, आणि त्याच्या खांद्यावरचा टॉवेल तिच्या दंडाला लागत होता. म्हणजे ती डावीकडे. पण टॉवेल कुठल्या खांद्यावर? पुन्हा आठवलं तर धूर डावीकडे गेला होता. तिसऱ्यांदा आठवलं तर पायरीवर ती एकटीच होती आणि प्रल्हाद एक पायरी खाली.

आणि शुक्रवार? शुक्रवारी पवनचक्की बघायला गेले होते, आत लाकडी दातांची चाकं फिरताना बघत तो एकदम म्हणाला, “पुरुषोत्तमला आवडलं असतं हे.” वीस वर्षांत पहिल्यांदा ते नाव. तेव्हा तिला वाटलं, हेच उत्तर. ऐकलंय, आणि हे उत्तर. पण लहानपणी दोघं भाऊ मोडकी घड्याळं उघडून बसायचे, हेही तिने ऐकलं होतं. चाकं बघितल्यावर धाकटा भाऊ आठवायला कुणाला काही ऐकावं लागतं का?

बाराच्या सुमाराला ईशानचा फोन आला, जर्सी सिटीहून, लंचला बाहेर पडला होता, मागे वाऱ्याचा आवाज.

“आई, आर यू ओके? आवाज असा का येतोय?”

“बाबांचं कानातलं सापडलं. एस्टोनियाहून आलं.”

“ओह. वाव. डोनेट करता येतं ते. आय’ल सेंड यू द लिंक.”

“ईशान, बाबा तुला काकांबद्दल काही बोलले होते का? त्या ट्रिपनंतर?”

“कुठले काका?”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“यू मीन नागपूरचे? नो. का?”

“काही नाही. जेवून घे तू.”

जेवून घे. हेच... नोव्हेंबरमध्ये बातमी कळल्यावर पुरुषोत्तमने फोन केला होता. आवाज ओळखू आला नाही इतका म्हातारा झालेला. भावाबद्दल काही बोलला नाही, मागचं काही बोलला नाही, “वहिनी, वेळेवर जेवत जा” एवढंच म्हणाला. आणि तिने तेव्हा मनाशी ठरवून टाकलं होतं, की प्रल्हादला सांगून झालंय, म्हणजे सांगण्याचं काम संपलं, आता हा दोन भावांमधला प्रश्न होता आणि त्यातला एक गेला.

दुपारी ती घराजवळच्या स्टेअरिंग लेकवर गेली. ऊन होतं, बाबागाड्या ढकलणाऱ्या बायका होत्या. ती तळ्याला अर्धी चक्कर मारून थांबली, कारण आपण कशाची तरी वाट बघतोय असं तिला जाणवलं. पाठीमागून येणाऱ्या त्याची. सात महिने तो चालताना मागे असायचा, तिच्याहून दोन पावलं, गप्प. आज तिने मान वळवली तर वाट होती, आणि लांब एक कुत्रं घेऊन येणारा माणूस.

ज्याला सगळं माहीत होतं असा प्रल्हाद गेला होता. कधी गेला? सकाळी, ओट्याशी? त्याचा राग यायचा, भीती वाटायची, पण रागाला टेकून उभं राहता येत होतं... आता त्या जागी दुसराच कुणी होता, ज्याला काहीच माहीत नव्हतं. खांद्यावर टॉवेल टाकून पायरीवर बसलेला, बायकोचे ओठ हलताहेत हे न बघणारा, कुंपणावर बसलेल्या पाखराकडे बघत, मजेत. भावाने आपल्याला आईजवळ पोचू दिलं नाही असं शेवटच्या दिवसापर्यंत समजणारा. त्याला बघून मला पहिल्यांदा रडू आलं — गराजमध्येही आलं नव्हतं, स्मशानातही नाही.

आणि दोघांतला खरा कुठला, हे आता कुठल्याच फळ्यांखाली सापडणार नव्हतं.

अहो, मी म्हटलं. आवाज मोठा निघाला, कानात मशीन नसताना त्याच्याशी बोलायचा तो आवाज, खालून पोटातून येणारा. सात महिने वापरला नव्हता. कुत्रेवाला माणूस क्षणभर थबकला, मग हात हलवून पुढे गेला. अहो, दोन हजार चारच्या मे महिन्यात दुपारी फोन आला होता... आणि पुढचं वाक्य तोंडापर्यंत येऊन थांबलं. वर्षापूर्वी हे उतरवून ठेवलं, असं मी धरून चालले होते. ते उतरवलेलं नव्हतं. ते जसंच्या तसं होतं, वीस वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळइतकं ताजं, आणि ते कुणाला तरी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं अजून राहिलंच होतं.