पांडुरंगच्या आवाजातली खुशाली

फोन घेणाऱ्या यंत्राचा पांडुरंगला फायदा सरळ होता: पहाटे फोनसाठी शिडीवरून उतरायला नको. नंदाखाल गावातल्या त्याच्या बागेत सोनचाफा खुडायची वेळ आणि गिऱ्हाइकांचे फोन यायची वेळ एकच. मुलगा भावेशने तासभर त्याचं बोलणं रेकॉर्ड केलं, त्याची गिऱ्हाइकांची जुनी वही यंत्राला पढवली, आणि बापाचा आवाज आपोआप ऑर्डरी घेऊ लागला. बापाची रीतही यंत्राने उचलली: आधी घरच्यांची खुशाली, मग फुलांचं. कुणाचं काय दुखतं, हे वहीत टिपलेलं होतंच.

"यंत्र बोलतंय, असं सांगतं ना ते?"

"सांगितलं तर फोन ठेवूनच देतील ना, बाबा!"

पांडुरंग शिडीकडे वळला. फुकटचा आराम मिळाला की माणूस फार खोलात शिरत नाही.

वीस दिवस सुखाचे गेले. मग होळीच्या बाजारात नेहमीचं गिऱ्हाईक असलेल्या सालोमीने त्याला पाहून तोंड फिरवलं.

"काय गं, ओळख विसरलीस?"

"मी विसरले? आईला जाऊन महिना झाला, चर्चमधल्या तिच्या मिस्साला फुलं हवीत म्हणून फोन केला, तर विचारता, आईचा गुडघा कसा आहे? काका, तिला खांदा दिलात तुम्ही!"

गुडघा वहीत होता. मयत कोण वहीत लिहितो?

"तो मी नव्हतो, बाय. मशीन होतं, माझ्या आवाजातलं. ते तसं सांगत नाही, हे मला ठाऊक होतं."

"मी रडत होते, आणि ते म्हणालं, आईला काळजी घ्यायला सांगा."

तो तडक घरी आला. "भावेश, पहिलं वाक्य बदल. हे यंत्र बोलतंय, पांडुरंग बागेत आहे. आणि खुशाली त्याने विचारायची नाही."

"गिऱ्हाइकं तुटतील, बाबा."

"तुटू देत. वही आण."

वीस दिवसांत ज्यांचे फोन आले, त्या बासष्ट जणांना त्याने स्वतः फोन लावले आणि एकेकाला खरं सांगितलं. आगाशीचा स्टॅनी हसला, "काका, आता तरी तुम्हीच ना?"

"ये, शिडी धरायला लावतो, मग कळेल!"

शेवटी नऊ गिऱ्हाइकं सुटली, ते भावेशच्या मनाला लागलं. उरलेले यंत्राला "काकांनाच द्या" म्हणू लागले, म्हणून पांडुरंग पुन्हा शिडीवरून खाली. सालोमीने मात्र त्या आरामाची किंमत आईसाठी दुसऱ्यांदा रडून मोजली, आणि यंत्र लावताना तिला तर कुणी विचारलंही नव्हतं.