दाराबाहेरचा बाक

मी बाहेरचा बाक बोलतोय. बाहेरचा म्हणतो, कारण उभ्या आयुष्यात मी कोणत्याही खोलीच्या आत गेलो नाही. दारे मात्र पुष्कळ पाहिली, बहुधा बंद.

मोडलेल्या एका लाकडी पुलाच्या फळ्यांतून सुताराने मला घडवले. बैठक रुंद, पाठ ताठ. तीन माणसे ऐसपैस बसतील असा. "याच्यावर बसून लोकांची कामं व्हावीत," असे म्हणत त्याने माझ्यावरून शेवटचा हात फिरवला आणि मला नगरपालिकेच्या स्वाधीन केले. सभागृहाच्या दाराबाहेर माझी जागा ठरली.

नगरपालिकेची सभा प्रार्थनेने सुरू होई. ती गावातील बहुसंख्यांची प्रार्थना. ज्यांची ती नव्हती, त्यांनी तेवढा वेळ बाहेर थांबावे, मग शिपाई हाक मारील, अशी रीत होती. ती कोणी लिहून ठेवली नव्हती. त्यामुळे ती रद्द करायलाही कोणाला सापडत नव्हती.

बाहेर बसणारा सभासद एकच. त्यांचे चष्म्यांचे दुकान होते, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. ते माझ्या कडेला बसत आणि चष्मा पुसत राहत. आतली प्रार्थना सुंदर होती. तिच्यात दयेची याचना होती. त्या शब्दांविषयी माझ्या मनात आदरच होता. परंतु ते मला नेहमी बंद दारातून ऐकू आले.

एकदा शिपाई हाक मारायला विसरला. प्रार्थना संपली आणि तिच्या पाठोपाठ पहिला विषयही संपला. चष्मेवाल्यांच्या गल्लीला नळ द्यावा की नाही, हा तो विषय. त्याच्या बाजूने बोलणारे कोणी आत नव्हते. नळ नामंजूर झाला.

दार उघडून एक सभासद बाहेर आल्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या त्या बाई.

"अहो, तुम्ही इथेच? तुमचा नळ गेला की!"

"हाक आली नाही, बाई."

"मग उठून यायचं होतं."

"आत देवाशी बोलणं चाललंय की माणसांशी, हे बंद दारातून मला कसं कळणार?"

 बाई श्रद्धाळू होत्या. पहाटेची प्रार्थना त्यांनी आजारपणातही चुकवली नव्हती. त्यांच्या देवाचे नाव घेऊन दुसऱ्याला पाणी नाकारले गेले होते. ही गोष्ट त्यांच्या जिवाला लागली.

पुढच्या सभेला प्रार्थना सुरू होण्याआधी त्या बाहेर आल्या आणि माझ्यावर बसल्या. शिपाई गडबडला.

"बाई, तुम्ही तर आपल्यातल्या. तुम्ही कशाला बाहेर?"

"देवाला मी पहाटे घरी भेटून आलेय. इथे मी नळासाठी आलेय."

चष्मेवाले हसले. "बाई, माझ्याकडे लोक येतात ते लांबचं दिसत नाही म्हणून. शेजारचं दिसत नाही, त्यावर मात्र अजून काच निघालेली नाही."

त्या दिवशी माझ्या फळ्यांवर एक मंडळ जन्माला आले. धर्म घरात आणि प्रार्थनास्थळात राहावा, राज्यकारभार सर्वांचा असावा, दोहोंची सरमिसळ होऊ नये, एवढीच त्याची मागणी. लोकांनी नाव ठेवले, 'बाकवाले'.

"देव बुडवायला निघालेत बाकवाले!" असे टोमणे येता-जाता पडत. बाईंच्या दाराला कोणी डांबर फासले. सर्वांत खोल घाव घरचा होता. त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, आईने शिकवलेली प्रार्थना तू चव्हाट्यावर आणलीस," आणि त्याने बोलणे टाकले. बाईंनी पहाटेची प्रार्थना सोडली नाही आणि मंडळही सोडले नाही. सत्तेच्या काठीचा आधार लागावा इतका आपला देव दुबळा नाही, असे त्या म्हणत.

वर्षे गेली. अखेर नगरपालिकेच्या सभेतील प्रार्थना बंद झाली, आणि बाहेर बसायला कोणी उरले नाही. मी मागच्या अंगणातील अडगळीत पडलो. तेथून चष्मेवाल्यांनी मला हातगाडीवर घालून मंडळाच्या माडीवर आणले. खोली लहान आणि दार अरुंद. मी पुन्हा दाराबाहेरच राहिलो.

मंडळात नवी माणसे आली. एक तरुण वकील चिटणीस झाले. माणूस निर्मळ, पण विजयाच्या भरात त्यांनी एक नियम केला, की मंडळाच्या जागेत कोणतीही प्रार्थना होणार नाही. सगळ्यांना तो रास्त वाटला. बाई तोवर अंथरुणाला खिळल्या होत्या.

मग बाई गेल्या. शोकसभेला माडी भरली. जिना चढत धापा टाकीत एक वृद्ध आला. तो त्यांचा धाकटा भाऊ.

"आईने आम्हा दोघांना शिकवलेली प्रार्थना ताईच्या तसबिरीपुढे म्हणायची आहे. जिवंतपणी अबोला धरला. आता एवढंच राहिलंय."

वकील नम्रपणे म्हणाले, "काका, इथला नियम आहे. तुमचं बाहेर बाकावर आटपून घ्या, मग आत या. आम्ही थांबतो."

आणि त्यांनी दार लोटले.

वृद्ध माझ्यावर बसला. त्याने हात जोडले, पण ओठ हलेनात. काठी टेकीत चष्मेवाले बाहेर आले आणि त्याच्या शेजारी बसले.

"तुम्ही कशाला बाहेर? तुमची ही प्रार्थना नाही."

"बाहेर येऊन बसायची खोड बाईंचीही होती," चष्मेवाले म्हणाले. "याच बाकावर, याच जागी."

वृद्धाने माझ्या फळीवरून हात फिरवला. "ताई इथे बसायची?"

तेवढ्यात वकील आले आणि चष्मेवाल्यांना म्हणाले, "काका, चला ना. तुमच्यावाचून सभा कशी सुरू करू?"

"नगरपालिका सगळ्यांची, म्हणून तिथे एकाची प्रार्थना नको म्हटलं. ही खोली सरकार कधीपासून झाली रे?"

"पण काका, आपलं तत्त्व..."

"मला बाहेर बसवणारेही सज्जनच होते. तेही म्हणायचे, आम्ही थांबतो."

वकिलांनी आम्हा तिघांकडे पाहिले: दोन म्हातारे आणि एक बाक. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी वृद्धाच्या कोपराला हात दिला. "चला. ज्यांना म्हणायचंय ते म्हणतील, बाकीचे बसून राहतील. बाहेर कुणी जायचं नाही."

आतून वृद्धाचा आवाज आला. तीच प्रार्थना, तेच दयेचे शब्द. काहींनी साथ दिली. चष्मेवाले ओठ मिटून, मान खाली घालून बसले होते. हे मला दिसले, कारण दार उघडे होते.

आता माझी एक फळी तडकली आहे. जिना चढून थकलेला कोणी टेकला तर मला आनंद आहे. परंतु आत देवाचे नाव चालले आहे म्हणून, अथवा आत देवाचे नाव नको म्हणून, कोणाला माझ्याकडे पाठवू नका. त्या कामासाठी सुताराने मला घडवले नव्हते.