धनीरामभाऊंची निळी चूल

'कायनाइट' हा शब्द आमच्या गावात धनीरामभाऊंइतक्या लाडाने कोणी उच्चारत नाही. गावामागच्या टेकडीत या निळ्या दगडाची खाण होती. उमेदीची सगळी वर्षं भाऊंनी तिथे दगड फोडला, निवडला, ट्रकात भरला. खाण बंद पडली, भाऊ मात्र चालूच. पाहुणा चहाला टेकला की दगड पुढे येतो. "उभा खिळा ओढा, ओरखडा उमटते. आता आडवा ओढा. पाहा, काही नाई!" मग हा दगड कुठे कुठे लागतो ते: पोलादाच्या भट्ट्या, त्यांच्या आतल्या विटा, गाडीतले स्पार्क प्लग. तोवर चहा निवतो.

त्यांची बायको सुलोचनाबाई लांब रोटी करते. चुलीवर मडकं पालथं घालायचं, सैल कणीक हातावर झुलवत ओढणीसारखी पातळ करायची आणि अलगद त्याच्यावर पसरायची. शेजारीण म्हणून कणीक मळायला मी असते. या खेपेला सिहोरा गावातल्या एका लग्नाची ऑर्डर होती, तिची पहिली मोठी. दुपारी जीप येणार. फजिती झाली तर पुढच्या लग्नाला तिला कोण बोलावणार?

आणि आदल्या दिवशी ती चक्कीवर गेलेली पाहून भाऊंनी तिची मातीची चूल फोडली! खाणीच्या ढिगातून निळे दगड आणून नवी रचली.

"जुनी काहून फोडली वो?" सुलोचनाबाईने पिठाचा डबा खालीही ठेवला नव्हता.

"तुह्या पायाले झळ लागते म्हणून. भट्टीले पुरते तो दगड तुले नाई पुरणार का?"

झळेचं नाव निघाल्यावर बाईने डबा खाली ठेवला. इतक्या वर्षांनी का होईना, त्यांच्या ते ध्यानात आलं, हेच तिला पुष्कळ वाटलं असावं.

सकाळी पहिल्या रोट्या झकास उतरल्या. भाऊ खाटेवर मांडी घालून कारखान्याच्या मालकासारखे बसले होते. तेवढ्यात चुलीतून फट्ट आवाज झाला. दगडाची कपची उडाली. मग दुसरी. मडकं कललं आणि रोटी राखेत.

"धनीरामभाऊ," मी म्हटलं, "कारखान्यात हा दगड भाजतात, दळतात, मग त्याची वीट करतात ना?"

"करत असतीन. माहं काम टरकापर्यंतच होतं."

सुलोचनाबाई हसली नाही. पिठाच्या हातांनी नुसती फाटकाकडे पाहत राहिली. ते पाहून भाऊ उठले. जळती लाकडं बाजूला ओढली, फावड्याने खड्डा खणला, कुंपणापाशी टाकलेली जुन्या चुलीची ढेकळं भोवती दाबून बसवली आणि त्यावर मडकं पुन्हा पालथं घातलं. मग जाळ सारायला स्वतःच पुढ्यात बसले.

"लय झळ लागते व," थोड्या वेळाने ते पाय आखडत म्हणाले.

"लागते न. बसा."

बसले. जीप आली तेव्हा शेवटची रोटी मडक्यावर होती. हॉर्न वाजवून थकलेला ड्रायव्हर खाली उतरला, एक रोटी तोडून तिथेच उभ्याने खाल्ली आणि म्हणाला, "बाई, माह्या साळ्याचं लगन हाये पुढच्या महिन्यात. याल का?"

जीप गेल्यावर भाऊंनी हळूच विचारलं, "उद्या बांधून देऊ का नवीन चूल?"

"बांधीन मी. तुमी माती कालवा."

"आन् दगड?"

"दगडाले हात नोका लावू."

भाऊ माती आणायला निघाले. घमेलं घेऊन बाई त्यांच्या मागोमाग गेली.